चौदावं नाव

शुक्रवार, २४ ऑक्टोबर. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी प्रतिभा गायधनी यांनी यादीतलं तेरावं नाव वाचलं, उत्तर येईपर्यंत थांबल्या आणि मग पंधरावं वाचलं.

चौदावं नाव रवी पिंगळचं होतं.

गंगापूर रोडवरच्या एका वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये त्या वेळी तेवीस माणसं होती. भाऊबीज आदल्याच दिवशी झाली होती, त्यामुळे काही जण अजून गावी होते. टेबलावर हातभर उंचीचा निळा झेंडा, त्याच्यापुढे समई. बॅनरवर ‘आंतरराष्ट्रीय सेवानिवृत्तांचा संघ, नाशिक शाखा’ असं लिहिलेलं. संयुक्त राष्ट्रांच्या निरनिराळ्या संस्थांमध्ये नोकरी करून परतलेले एकोणीस जण या शाखेचे सभासद आहेत. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी चहा, वर्षातून एक सहल, शाळांमधून भाषणं आणि २४ ऑक्टोबरला, संयुक्त राष्ट्र दिनी, कामावर असताना गेलेल्या सहकाऱ्यांचं स्मरण, एवढा शाखेचा कार्यक्रम.

स्मरणाची पद्धत शाखेचे अध्यक्ष कारभारी मोगल यांनी घालून दिली. मोगल निफाडचे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, सहा देशांत धान्यवाटपाची गोदामं सांभाळलेले. पहिल्याच वर्षी दोन मिनिटांचं मौन ठेवायचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले होते, “मौन पाळायला कुणालाबी येतं. आपण आपल्या माणसांची हजेरी घेऊ.”

हजेरी म्हणजे रेडिओवरची. दूरच्या ठाण्यांवर रोज संध्याकाळी सहाला ती होते. राजधानीतल्या मुख्य रेडिओ खोलीला बेस म्हणतात. बेस एकेकाला पुकारतो, ज्याने त्याने ‘ऐकू येतंय’ असं कळवायचं. यादी संपली की बेस विचारतो, कुणी राहिलंय का? नाशिकमध्ये नाव गेलेल्या माणसाचं पुकारलं जातं आणि ज्याने त्याच्याबरोबर काम केलं तो उभा राहून म्हणतो, “ऐकू येतंय.” तसं कुणी हॉलमध्ये नसेल तर वाचणाराच म्हणतो. शेवटचा प्रश्नही विचारला जातो, पण तो रिवाज म्हणून. त्याला कधी कुणी उत्तर दिलेलं नव्हतं.

नऊ वर्षं हजेरी प्रतिभाताईच घेत होत्या. एकतीस नावं, देश आणि सालासकट, एकही उच्चार न चुकवता. वय सत्तर, निर्वासितांच्या कामात सत्तावीस वर्षं. चौदावं नाव यादीत त्यांनीच घातलं होतं. त्या नावाला उत्तर द्यायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ते त्या स्वतः पुकारायच्या आणि स्वतःच म्हणायच्या, “ऐकू येतंय.” मध्ये जेवढं थांबायचं तेवढं थांबून. वर्षभरात तेवढाच क्षण त्यांना त्याच्याशी बोलल्यासारखा वाटे.

रवी पिंगळ दिंडोरीजवळच्या एका खेड्यातला. मोझांबिकमध्ये प्रतिभाताईंच्या ठाण्यावर वाहतूक बघायचा. फेब्रुवारी २००० मधल्या पुरात नदी ओलांडताना त्याची गाडी वाहून गेली. तो चौतीस वर्षांचा होता. प्रतिभाताई त्याच्या वरिष्ठ, पंचेचाळीसच्या. अडीच वर्षं दोघं एका टेबलावर जेवले. तो त्यांना मॅडम म्हणे. ऑफिसात सगळ्यांसमोर आणि व्हरांड्यात दोघंच असतानाही.

त्याचं सांकेतिक नाव ईको सेव्हन होतं.

संध्याकाळची हजेरी संपली की ईको सेव्हन बेसला दुसऱ्या चॅनेलवर यायला सांगे. बेसवर एक मराठी मुलगी होती. दोन-तीन मिनिटं बोलून तो हसत हसत बाहेर येई. एकदा प्रतिभाताईंनी आपल्या खोलीतल्या सेटचं बटण फिरवून तो चॅनेल लावला. “काय गं रोहिणे, नाशिकची थंडी आठवते का?” एवढं ऐकून त्यांनी बटण परत फिरवलं. पुढे त्या रोजच फिरवू लागल्या. त्या दोघांच्या बोलण्यात काही नसे. शेंगदाणे, पाऊस, कुणाचं तरी लग्न. काहीच नसे, हेच त्यांना सहन होत नसे. प्रतिभाताईंशी तो डिझेल आणि रस्ते यांवर बोले.

या वर्षी जुलैच्या चहाला शाखेचे चिटणीस योगेश सोनवणे यांनी नव्या सभासदाची ओळख करून दिली. पंचावन्न वर्षांच्या, मुदतीआधी निवृत्त होऊन अंबडला भावाच्या कारखान्याजवळ फ्लॅट घेतलेल्या एक बाई उभ्या राहिल्या.

“रोहिणी कडभाने. मोझांबिकमधला मापुटो बेस. मला कुणी पाहिलेलं नाही, पण ऐकलंय पुष्कळांनी.”

सगळे हसले. प्रतिभाताईंनी कप खाली ठेवला. आवाज पंचवीस वर्षांत जराही बदललेला नव्हता.

चहा झाल्यावर रोहिणी स्वतःहून त्यांच्याकडे आल्या. “तुम्ही ईको वन ना? मला वाटलंच. रवी फार सांगायचा तुमच्याबद्दल.”

“काय सांगायचा?”

“मॅडम फार कडक आहेत म्हणून,” रोहिणी हसून म्हणाल्या. “त्यानंच तर मला नोकरीचं सुचवलं. माझ्या भावाचा पॉलिटेक्निकमधला मित्र तो.”

सहल सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती. दिंडोरीकडचे द्राक्षमळे बघायचे आणि संध्याकाळी परत, एवढंच ठरलेलं. चौदा जण टेंपो ट्रॅव्हलरमधून निघाले. वाटेत रोहिणींनी ड्रायव्हरला एका खेड्याकडे गाडी वळवायला लावली. “रवीच्या बहिणीकडे पाच मिनिटं. मी फोन करून ठेवलाय.”

शकुबाई, रवीची थोरली बहीण, सहासष्ट वर्षांच्या. दर २४ ऑक्टोबरला छाटणीची कामं टाकून त्या एसटीने नाशिकला येत, एक नाव ऐकत, चहा पीत आणि परत जात. त्यांना निमंत्रणाचा फोन प्रतिभाताईच करत. नऊ वर्षांत त्यांच्या घरी मात्र प्रतिभाताई कधी गेल्या नव्हत्या. रोहिणी दोन महिन्यांत जाऊन पोचल्या.

ओट्यावर शकुबाईंनी रोहिणींचे दोन्ही हात धरले. “तू ती रोहिणी व्हय? रवीच्या पत्रात लय नाव यायचं तुझं.” मग मागे उभ्या असलेल्या प्रतिभाताईंकडे बघून म्हणाल्या, “बसा ना मॅडम, खुर्ची देते.”

आत पोह्यांचा वास सुटला होता. बोलता बोलता शकुबाई म्हणाल्या, “मॅडमशी बोलला शेवटचं माझा भाऊ. पाणी वाढतंय, पन पोचतो, आसं म्हनला.”

प्रतिभाताईंनी हे त्यांना पहिल्या वर्षी सांगितलं होतं. शाखेतही सांगितलं होतं. पाच वाजता रवी खरंच तसं बोलला होता.

रोहिणी म्हणाल्या, “त्यानंतर माझ्याशी पण बोलला, शकूताई. सहाला दहा कमी होती.”

“काय बोलला?”

“काही नाही हो. पाणी बघत बसलोय म्हणाला. भूक लागली म्हणाला. आणि विचारलं, चिवड्यात बडीशेप घालतात का. मी म्हटलं, आमच्याकडे नाही घालत. तर म्हणाला, आमची आई घालते, रात्री सांगतो कशी ते.”

शकुबाई हसल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “घालायची. आख्खी घालायची, भाजून. पोरं येचून काढायची अन् आई बोलनी खायची.”

तेरा जणांसमोर हे झालं. परतीच्या वाटेवर मोगल मागच्या सीटवरून म्हणाले, “प्रतिभाताई, वाइन न घेताच चढली का काय? तोंड का उघडंना?” त्यांनी ऊन लागल्याचं सांगितलं.

अपघाताच्या चौकशी अहवालात शेवटच्या संपर्काची वेळ १७.५० अशी आहे. प्रतिभाताईंनी आपल्या टिपणात १७.०० लिहिली होती. चौकशी करणाऱ्यांनी बेसच्या नोंदवहीवरून ती दुरुस्त केली. म्हणजे पंचवीस वर्षं प्रतिभाताईंना हे ठाऊक होतं. आणखीही एक ठाऊक होतं. पाच पन्नासला त्यांच्या खोलीतला सेट चालू होता आणि त्या त्याच्यासमोर बसलेल्या होत्या. त्याने बेसला दुसऱ्या चॅनेलवर बोलावलं. त्या दिवशी त्यांनी बटण फिरवलं नव्हतं, पुराच्या गडबडीत ते सुचलं नाही. त्यामुळे तो काय बोलला हे त्यांना दिंडोरीच्या त्या ओट्यावर, दुसरीच्या तोंडून कळलं. दिवाळीत त्यांच्या घरी चिवडा झाला नाही. करणाऱ्या बाईंना त्यांनी या वर्षी नको म्हणून सांगितलं.

१८ ऑक्टोबरला रोहिणींचा फोन आला.

“शुक्रवारी रवीच्या नावाला मी उत्तर दिलं तर चालेल ना?”

“विचारायचं काय त्यात? पद्धतच आहे ती.”

“तसं नाही. इतकी वर्षं तुम्ही देत होतात, म्हणून विचारलं.”

“कुणी नव्हतं म्हणून देत होते,” प्रतिभाताई म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळपर्यंत त्यांचं काही ठरलेलं नव्हतं. निघण्यापूर्वी नेहमीप्रमाणे त्यांनी यादी एकदा मोठ्याने वाचली, चौदाव्या नावासकट. हॉलमध्ये तेरावं नाव वाचून त्यांनी मान वर केली. दुसऱ्या रांगेत रोहिणींनी खुर्ची मागे सारली होती. पर्स त्यांनी शेजारी ठेवली, मांडीवरची ओढणी सारखी केली. शकुबाईंनी त्यांचं मनगट धरलं होतं आणि डावा कान पुढे केला होता. उजव्या कानाने त्यांना कमी ऐकू येतं. उठायच्या तयारीत असलेलं ते माणूस आणि त्याचं मनगट धरलेला तो हात बघून प्रतिभाताईंनी नजर यादीकडे वळवली आणि एक ओळ सोडली.

पंधरावं नाव योगेश सोनवणे यांच्या सहकाऱ्याचं होतं. सोनवण्यांची सगळी नोकरी सुरक्षा विभागात गेलेली. त्यांचं ‘ऐकू येतंय’ थोडं उशिरा आलं, कारण ते आकडे मोजत होते.

एकतिसावं नाव झालं. खाली छापलेला प्रश्न प्रतिभाताईंनी सवयीने वाचला. “कुणी राहिलंय का?”

“ईको सेव्हन,” रोहिणी बसल्या जागेवरून म्हणाल्या.

ईको सेव्हन कोण, हे त्या हॉलमध्ये दोघींनाच माहीत होतं. बाकीच्यांना ती जुन्या रेडिओवालीची गंमत वाटली, एक-दोघं हसलेही.

“यादी संपली,” प्रतिभाताई म्हणाल्या आणि फाइल मिटली. मोगलांनी सगळ्यांना चहाला बोलावलं.

चहाबरोबर फराळ होता. लाडू कुणाचे, शंकरपाळे कुणाचे, हे सांगत बशा फिरत होत्या. चिवडा रोहिणींनी आणला होता, बडीशेप घातलेला. शकुबाई बशी हातात घेऊन प्रतिभाताईंपाशी आल्या.

“मॅडम, माझ्या रवीचं नाव नाय आलं यंदा?”

“आलं की. तुम्हाला ऐकू आलं नसेल.”

“आसं?” शकुबाईंनी वर बघितलं. “मी तर कान लावूनच बसले व्हते. हा पंखा मेला लय खडखड करतो. जाऊ द्या. आलं ना, झालं मग.”

रोहिणी त्यांच्या मागेच उभ्या होत्या. “मलाही ऐकू आलं नाही, प्रतिभाताई.”

“तुम्ही मागे होतात.”

“दुसऱ्या रांगेत होते. आणि ऐकणं हीच तर माझी नोकरी होती.”

“बघ, तुला बी नाय आलं,” शकुबाईंना बरंच वाटलं. “म्हंजे कान माझे ठीक हायेत. पंखाच बदलायला सांगा मॅडम.”

रोहिणींनी शकुबाईंना स्टँडवर सोडलं. प्रतिभाताईंच्या हातातली चिवड्याची बशी नंतर त्यांच्या खुर्चीखाली सापडली, भरलेली.

दुपारी चारला सोनवण्यांचा फोन आला. ते अघळपघळ बोलत नाहीत. “ताई, चौदा नंबर वाचला गेला नाही.”

“पानं चिकटली असतील.”

“यादी एकाच पानाची आहे. लॅमिनेट मीच करून दिलंय तुम्हाला.”

“मग राहिलं असेल.”

“तसं लिहू का इतिवृत्तात?”

प्रतिभाताईंनी फोन ठेवला. शनिवारी सकाळी अकराला मोगल स्वतः त्यांच्या घरी आले. हातात एक टाइप केलेला कागद होता. खुर्चीत नीट बसून त्यांनी आधी पाणी मागितलं, मग विचारलं, “तुमचा कोन व्हता तो?”

“माझ्या ऑफिसातला माणूस.”

“तेवढंच?”

“तेवढंच,” प्रतिभाताई म्हणाल्या. ते खरं होतं.

“मग तिला उभी राहू द्यायला काय झालं?”

“तिनं फील्ड पाहिलेलं नाही. राजधानीत एसी खोलीत बसून बटणं दाबायची. पूर काय असतो, रस्ता वाहून जाणं काय असतं...”

“मीबी गोदामातच बसायचो,” मोगल म्हणाले. “तुमची ग्रेड मोठी व्हती, कबूल. मेलेल्याला काय ग्रेड लावता?”

प्रतिभाताईंनी त्यांच्यासमोरचा रिकामा ग्लास उचलून बाजूला ठेवला.

“शकुबाईला खोटं बोललात, ते मला लागलं. बाई एसटीनं येती. एका नावासाठी येती.” त्यांनी कागद पुढे सरकवला. “चौदावं नाव वाचिकेकडून अनवधानानं राहिलं. इथं सही करा. पुढच्या वर्षीबी तुम्हीच वाचायचं. पन उत्तर ती देनार. सही नाय केली, तर वाचन दुसऱ्याकडं. माझा नाइलाज हाय.”

“आज नको. ठेवून जा.”

मोगल गेल्यावर त्या कागदासमोर बसल्या. सत्तावीस वर्षांत त्यांनी शेकडो अहवालांवर सह्या केल्या होत्या आणि ज्या वाक्याची खात्री नाही ते दर वेळी खोडून मगच सही केली होती. ‘अनवधानानं’ हा शब्द खरा नव्हता. तो खोडला तर उरलेलं वाक्य खरं होतं, पण मग पुढचा प्रश्न विचारला गेला असता. वाचन सोडलं तर पुढच्या ऑक्टोबरला त्या खाली खुर्चीत बसणार, कुणीतरी चौदावं नाव पुकारणार आणि दोघीही उठणार. तिचा आवाज आधी येणार. तो नेहमीच आधी यायचा.

कागद त्यांनी फाइलमध्ये ठेवला. फाइल त्यांच्याकडेच आहे.

रविवारी, २६ तारखेला, संध्याकाळी बरोबर सहाला शाखेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोहिणी कडभाने यांच्याकडून नऊ सेकंदांचा आवाजी निरोप आला.

“ईको सेव्हन, ईको सेव्हन, बेसवरून बोलतेय. ऐकू येतंय का?”

त्यांनी उत्तर दिलं नव्हतं, पुकारा केला होता. रोज करायच्या तसा. उत्तराची जागा प्रतिभाताईंसाठी मोकळी सोडली होती.

ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. सोनवण्यांनी तेवढं मोगलांना फोन करून विचारलं, आपण काही बोलायचं का? मोगल म्हणाले, “आपलं नाव पुकारलंय का? मग गप ऱ्हा.”

ऐकलेल्यांच्या यादीत प्रतिभा गायधनी यांचं नाव सहा वाजून चार मिनिटांनी आलं. त्यांनी तो निरोप किती वेळा ऐकला, हे फोनवर दिसत नाही.

सोमवारी सहाला तोच निरोप पुन्हा आला. मंगळवारीही. तोच आवाज, तेच शब्द, मध्ये तेवढंच थांबणं. मंगळवारी सोनवण्यांनी इतिवृत्ताच्या कागदाची आठवण करून देणारा संदेश प्रतिभाताईंना वेगळा पाठवला. तो वाचला गेला.

बुधवारी, २९ ऑक्टोबरला, निरोप सहा वाजून एक मिनिटाने आला आणि तो चौदा सेकंदांचा होता. त्या दिवशी रोहिणी शकुबाईंकडे गेल्या होत्या. मागे कुठेतरी ट्रॅक्टर चालू आहे. पुकारा झाल्यावर काही क्षण कुणी बोलत नाही आणि मग, फोनपासून जरा लांबून, शकुबाईंचा आवाज येतो.

“काय म्हनल्या मॅडम? उत्तर आलं का गं?”

तिथे निरोप संपतो. ऐकलेल्यांच्या यादीत प्रतिभा गायधनी यांचं नाव सहा वाजून दोन मिनिटांनी आलं आहे. इतिवृत्तावर सही झालेली नाही. गुरुवारी सकाळी नऊपर्यंत ग्रुपवर उत्तर आलेलं नव्हतं.